सात दहाची बस

मी पेन दाखवला होता, हात नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या बोरगव्हाणात आजही कोणी ना कोणी म्हणतंच, की देवरावच्या पोरीनं, मायानं, हात करून गाडी थांबवली.

भाद्रपदातली सकाळ होती. फाट्यावर पाऊस असा बारीक, की छत्री उघडावी तर उगाच वाटावं आणि न उघडावी तर केस गालाला चिकटावेत. माझ्या एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रजिस्टर, दुसऱ्यात पेन. मागे गावातल्या अकरा पोरी, कॉलेजच्या बॅगा पोटाशी धरून उभ्या. त्यांत माझी धाकटी बहीण प्रतीक्षा. तिवस्याकडून सात दहाची अकोला बस आली आणि नेहमीसारखी सुसाट पुढे गेली. मला नंबर टिपायचा होता, म्हणून मी पेन उंच करून मागच्या पाटीवर रोखला… आणि पन्नासेक पावलांवर जाऊन बस करकचून थांबली.

पोरी धावल्या. मीही धावले, कारण नंबर लिहायचा राहिलाच होता. दार उघडून कंडक्टर खाली उतरला. उंच, सडपातळ, खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अन् डोळे — जाऊ द्या, डोळ्यांचं मागून सांगते.

"चला, चढा लवकर," तो मला म्हणाला.

"मले नाही जायचं."

"मंग गाडी कावून थांबवली?"

"मी कुठं थांबवली? तुम्ही थांबवली."

"हात नाही दाखवला तुम्ही?"

"पेन दाखवला."

त्यानं पेनाकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. चेहरा जरा उतरला. "तक्रार लिहून राहिले काय मॅडम?"

"अभ्यास करून राहिलो आम्ही."

"गाडीचा?"

"गाडी फाट्यावर थांबत नाही, त्याचा."

"थांबली तर हाय!"

"आज थांबली."

"मंग तेच लिहा ना बाप्पा," तो हसून पायरीवर चढला. "थांबली म्हणून लिहा. अन् कंडक्टर बरा होता म्हणूनही लिहा."

"त्याचा रकाना नाही."

आतून ड्रायव्हर पुंजारामकाकांनी हॉर्न दाबला. बस निघाली. तो दारातच उभा राहून माझ्याकडे पाहत होता, आणि मी… मी लिहिलं, 'थांबली. एक मिनिट दहा सेकंद.' नंबर लिहायला तेव्हाही विसरले.

आता हा अभ्यास काय होता ते सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल.

आमचा फाटा अमरावती-नागपूर रोडवर, गाव आत दोन किलोमीटर. फाट्याला अधिकृत थांबा नव्हता, त्यामुळे जलद गाडीनं थांबलंच पाहिजे असा नियमही नव्हता. कंडक्टरच्या मनात आलं तर थांबायची, नाही तर गेली. पुढची थांबणारी गाडी नऊ वीसला, तोवर पोरींचं प्रॅक्टिकल संपलेलं. ऑगस्टमध्ये एके दिवशी प्रतीक्षा सिमेंटच्या टेम्पोत बसून अमरावतीला गेली. टेम्पो ज्या बांधकामावर थांबला तिथे आमचे बाबा गवंडीकाम करत होते. त्यांनी आपल्या पोरीला सिमेंटच्या गोण्यांवरून उतरताना पाहिलं. दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत गाडीचं जमलं तर जमलं. नाही तर प्रतीक्षाचं कॉलेज बंद. पाहुणे येऊन पाहून जातीन."

बाबा वाईट नव्हते हो. भ्यालेले होते. पण भ्यालेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि प्रतीक्षा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, केमिस्ट्रीत पहिली. त्या दिवसापासून तिनं घरात मोठ्यानं बोलणंच सोडलं.

मी बेबीताईंकडे गेले. बेबीताई आमच्या अंगणवाडीच्या सेविका. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बायांना घेऊन गावातल्या हँडपंपांचा अभ्यास केला होता. कोणत्या घरची बाई दिवसातून किती फेऱ्या मारते, किती वेळ रांगेत राहते, हे महिनाभर मोजलं. तो कागद पाहून आमच्या वस्तीत नळाची लाईन आली. त्यामुळे बेबीताईंचा आकड्यांवर भलता विश्वास.

"रडून सांगितलं तर साहेब लोक पाणी पाजून परत धाडतात," त्या विहाराच्या ओट्यावर बसून आम्हाला म्हणाल्या. "मोजून सांगितलं तर खुर्ची देतात. तीस दिवस मोजा."

रकाने त्यांनीच आखून दिले: वेळ, गाडीचा नंबर, फाट्यावर किती जण, थांबली की नाही, किती सेकंद, शेरा. सेकंद कशाला, असं मी विचारलं. "थांबते म्हणजे कशी थांबते? म्हातारी बाई चढेपर्यंत थांबते का?" आणि एक कडक नियम — तीस दिवस एकाच माणसानं लिहायचं. हँडपंपाच्या वेळी पाच जणींनी लिहिलं तर पाच तऱ्हा झाल्या होत्या. मी ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढते, ऑफिस दहाला उघडतं, सकाळ मोकळी. रजिस्टर माझ्या हातात आलं.

त्या नियमानंच आमचा घात केला. पण ते कळायला अजून वेळ होता.

दुसऱ्या दिवशी बस फाट्यावर बरोबर माझ्यासमोर थांबली. तिसऱ्या दिवशीही. कंडक्टर तोच. छातीवरच्या पाटीवर नाव होतं, प्रीतम.

"आज किती लिहिले?" पोरी चढेपर्यंत त्यानं दारातून वाकून विचारलं.

"सोळा."

"कालच्यापेक्षा दोन जास्त. प्रगती हाय."

"रजिस्टर सरकारी कामाचं आहे. थट्टा नका करू."

"थट्टा कोण करून राहिलं? मी तर माहे मार्क विचारून राहिलो."

आमचं सगळं बोलणं असं वीस-वीस सेकंदांचं. घंटी वाजली की संपलं. मग उरलेले तेवीस तास एकोणसाठ मिनिटं मी ते बोलणं घोळवत बसायची. उत्पन्नाच्या दाखल्यावर एका आजोबांचं नाव मी 'प्रीतम' टाईप केलं तेव्हा मात्र घाबरले. नशीब, प्रिंट काढण्याआधी दिसलं.

नवव्या दिवशी पाऊस जोराचा होता. रजिस्टरची पिशवी फाटली, मी ओढणीखाली रजिस्टर धरून उभी. बस थांबली, आणि प्रीतमनं आपल्या तिकीट मशीनचं रबरी कव्हर काढून माझ्या हातात दिलं.

"मग तुमची मशीन भिजेल ना!"

"मशीन भिजली तर डेपो देईन दुसरी. तुमचा अभ्यास भिजला तर कोण देईन?"

त्याची बोटं थंडगार होती. त्या दिवशी मी लिहिलं, अडतीस सेकंद. बसमधून प्रतीक्षा काचेला नाक लावून पाहत होती. किती दिवसांनी ती हसत होती.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. खरं सांगू? डोळे साधेच होते. पण त्यांत एक गोष्ट होती — मी बोलले की ते दुसरीकडे कुठे जात नसत.

मग सोळाव्या दिवशी बस थांबली नाही. दारात दुसराच कुणी होता. चिखल उडवून बस गेली, अकरा पोरी तशाच उभ्या राहिल्या. सतराव्या दिवशीही तेच. त्या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं! बदली झाली असेल. आजारी असेल. लग्न ठरलं असेल… आणि मग एकदम लाज वाटली. माझ्या बहिणीचं प्रॅक्टिकल बुडत होतं आणि मी कंडक्टरच्या लग्नाची काळजी करत होते.

अठराव्या दिवशी तो आला. "मायच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं," उतरता उतरताच म्हणाला. "जमलंच नाही मले दोन दिवस ड्यूटी मांगून घेणं."

"मागून घेणं म्हणजे?"

तो गोंधळला, हसला, कानामागे खाजवलं. "ही ड्यूटी मले चार दिवसांतून एकदा येते. बाकीचे तीन दिवस डेपोतल्या धर्मेंद्रची न् दुसऱ्यायची मांगून घेतो. त्यायच्या लांबच्या गाड्या मी करतो."

"कशाला?"

"आता कशाला म्हणते…" तो म्हणाला, आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं घंटी वाजवली.

मी इतकी आनंदले, इतकी, की बस दिसेनाशी होईपर्यंत पेन हवेतच होता. मग रजिस्टर उघडलं आणि मागची सगळी पानं पुन्हा चाळली. याचा अर्थ बस थांबत नव्हती. बस तो थांबवत होता, आणि तोही मी उभी असते म्हणून. शेऱ्याचा रकाना माझ्यासमोर कोरा होता. तिथं लिहायला हवं होतं. काय लिहू? 'कंडक्टरचं माझ्यावर मन आहे' असं? बेबीताई वाचतील, बाबा वाचतील… मी रकाना कोराच ठेवला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. रोज सेकंद लिहायची आणि रोज एक खोटं न लिहिता लिहायची.

तीस दिवस भरले. बेबीताईंनी चष्मा लावून बेरीज केली. तिसापैकी अठ्ठावीस दिवस थांबली.

"अवं माया," त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "थांबत नाही म्हणून आपण मोजाले निघालो, अन् अभ्यास तर म्हणते थांबते."

"आपल्या मोजण्यानंच सुधारली असंन," एक पोरगी म्हणाली. सगळ्या खूश झाल्या. मी मान खाली घालून विहाराच्या फरशीवरचे ठिपके मोजत बसले.

आणि झालंच. माझं उभं राहणं बंद झालं त्याच आठवड्यात डेपोत ड्यूट्या बदलून घेण्यावर बंदी आली. चार दिवसांपैकी तीन दिवस सात दहाची बस पोरींना सोडून गेली. प्रतीक्षा घरी परत आली, दप्तर खुंटीला अडकवलं आणि मायसोबत पोळ्या लाटायला बसली. माझी माय मनकर्णा, एरवी दिवसभर बडबडणारी, तिनं नुसता पिठाचा गोळा तिच्यापुढे सरकवला. कॅलेंडरवर दिवाळीला बारा दिवस राहिले होते आणि बेबीताईंच्या अर्जावरून डेपोनं आम्हाला बुधवारी चार वाजता भेटायला बोलावलं होतं.

रविवारी प्रीतमची ड्यूटी होती. मी पहिल्यांदा त्या बसमध्ये चढले.

"कुठं?" त्यानं मशीन काढत विचारलं, विश्वासच बसत नसल्यासारखं.

"अकोला."

"अकोल्याले काय काम काढलं?"

"तुमच्याशी बोलायचं आहे."

त्यानं मला मूर्तिजापूरचं तिकीट फाडून दिलं. मग परत घेतलं, दुसरं दिलं. पुंजारामकाका आरशातून पाहून मिशीत हसले. तीन तास मी खिडकीशी बसून काय बोलायचं ते जुळवत होते. बाहेर सोयाबीन काढून झालेली काळी वावरं, हिरवी तूर, मध्येच पऱ्हाटीवर कापसाची पहिली बोंडं. एकही वाक्य धड जुळलं नाही.

त्याला दीड तासाची विश्रांती होती. ऑटोनं आम्ही जठारपेठेत गेलो, त्याच्या घराजवळ एका चहाच्या टपरीवर. त्यानं दोन चहा सांगितले आणि मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं.

"तुम्ही माझा अभ्यास खराब केला."

त्याचा चेहरा पडला. "मी? मी तर रोज अकरा पोट्ट्या चढवल्या."

"तेच तर! कागदावर बस रोज थांबते. बुधवारी साहेब म्हणतील, थांबते तर थांबा कशाला मागता? अन् दिवाळीला प्रतीक्षाचं कॉलेज बंद."

मग त्याला सगळं सांगितलं. टेम्पो, बाबा, पाहुणे. चहा आला, थंड झाला.

"मले वाटलं, मदत करून राहिलो मी," शेवटी हळू आवाजात म्हणाला. "खरं सांगू माया? थेही पूर्ण खरं नाही. मदत-बिदत मागून आठवली. तू आवडते मले. तू उभी दिसावी म्हणून गाडी थांबवत होतो."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझ्या कानात नुसतं घुमायला लागलं. मला म्हणायचं होतं, मलाही… पण तोंडातून निघालं, "आता काय करायचं?"

"लिहून टाक शेऱ्यात. माह्या नावानं लिही."

"नोकरी?"

"दोन वर्षं झाली लागून. जिथं थांबा नाही तिथं रोज जलद गाडी थांबवली, विचारल्याशिवाय ड्यूट्या बदलल्या. मेमो तर भेटीनच."

"आणि नोकरी गेली तर? घरी आई आहे तुमची, डोळ्याला पट्टी बांधलेली."

त्यानं गार चहाचा कप नुसताच फिरवला. म्हणजे भीती त्यालाही होतीच. मी म्हटलं, "मी नाही लिहिणार," आणि उठले. परतीच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं, त्याच्या 'आवडते'ला मी उत्तरच दिलं नव्हतं. परत फोन करावा तर नंबर कुणी कुणाला दिलेलाच नाही.

बुधवारी डेपोत आम्ही पाच जण गेलो: बेबीताई, मी, प्रतीक्षा, तिची एक मैत्रीण, आणि बाबा. बाबा मजुरी बुडवून आले होते, धुतलेला पांढरा शर्ट घालून. टेबलामागे निरीक्षक मॅडम होत्या. त्यांनी आमचं रजिस्टर पानापानानं वाचलं, बोट फिरवत. कोणी आमचा कागद इतका मन लावून वाचत होतं आणि मला वाटत होतं, नको, वाचू नका.

"काम फार व्यवस्थित केलंय," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याच नोंदीप्रमाणे ही बस तीसपैकी अठ्ठावीस दिवस थांबली आहे. सोळा सेकंद, अडतीस… पहिल्या दिवशी तर एक मिनिट दहा सेकंद. इतकं तर अधिकृत थांब्यावरही कोणी थांबत नाही. मग नव्या थांब्याची शिफारस मी कोणत्या आधारावर करू?"

प्रतीक्षानं बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीवरून उठायलाच लागले होते, गुडघ्यांवर हात टेकून, "चला मंग" म्हणत. त्या 'चला'मध्ये माझ्या बहिणीचं सगळं शिक्षण संपत होतं.

"मॅडम, नोंद चुकीची आहे," मी उभी राहून म्हटलं.

"चुकीची?"

"आकडे खरे आहेत. शेरा लिहिला नाही मी." मी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ती बस थांबत नव्हती. एक कंडक्टर ती थांबवत होते. दुसऱ्यांच्या ड्यूट्या मागून घेऊन. मी तिथं उभी असायची म्हणून. ते नव्हते ते दोन दिवस बघा, बस गेली. आता मी उभी राहत नाही, ते रोज नसतात, तर पुन्हा जाते. हे मला अठराव्या दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हाच का नाही लिहिलं?"

खोलीत पंखा फिरत होता. बाबा माझ्याकडे पाहत होते. पळून जावंसं वाटलं. पण अर्धं सांगून पुन्हा तोच गुन्हा झाला असता.

"कारण मले ते आवडत होतं," मी म्हटलं. "अन् तेही आवडतात."

बेबीताईंच्या हातातून पर्स खाली पडली. दारात फाईल घेऊन उभा असलेला शिपाई तसाच उभा राहिला, आणि तिथंच मला कळलं, की संध्याकाळपर्यंत सगळ्या डेपोला हे माहीत होणार.

मॅडमनी चष्मा काढला. "त्या वाहकाला याची नोटीस निघेल, कल्पना आहे तुम्हाला?"

"हो." आता मात्र रडू फुटलं. "पण मॅडम, गाडी एका जणीसाठी थांबली, अकरा जणींसाठी नाही. तेवढं लिहून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस पुन्हा मोजा. रोज वेगळा माणूस. तुम्ही फाट्यावर जायचं नाही. आणि तो वाहक उद्यापासून या मार्गावर नसेल."

परतताना ज्या बसमध्ये बसलो ती काही फाट्यावर थांबली नाही. अडीच किलोमीटर पुढच्या थांब्यावर उतरून रस्त्याच्या कडेनं परत चालत आलो. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. बाबा पुढे, आम्ही मागे. मला वाटत होतं, आता वळतील, आता बोलतील. निम्म्या वाटेत ते थांबले. प्रतीक्षाला विचारलं, "रोज असंच येता तुम्ही?"

"संध्याकाळची गाडी कधीकधी थांबते, बाबा. नाही थांबली की असंच."

"मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कॉलेज बंद केलं असतं."

बाबा पुन्हा चालू लागले. घरी आल्यावर बेबीताईंना निरोप धाडला, की पंधरापैकी पाच सकाळी रजिस्टर देवराव धरीन. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. अठरा दिवस नाही. दिवाळी आली, माय अनारसे करत बसली, पाहुण्यांचा विषय कोणी काढला नाही. पुंजारामकाकांकडून कळलं, प्रीतमला नोटीस मिळाली, खुलासा दिला, एक वेतनवाढ थांबली आणि मूर्तिजापूरच्या फेऱ्यांवर टाकलं. नोकरी राहिली. काकांनी त्याचा नंबरही दिला. मी तो दहा वेळा काढला आणि दहा वेळा ठेवला. माझ्यामुळे ज्याची वेतनवाढ गेली त्याला कोणत्या तोंडानं फोन करू?

दुसऱ्या मोजणीत बस पंधरापैकी दोनदा थांबली. पण मॅडमनी मोठ्यानं वाचून दाखवला तो आकडा नव्हता. बाबांनी, सही करण्यापुरतं लिहिणाऱ्या माझ्या बाबांनी, चौथ्या दिवसाच्या शेऱ्यात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अकरा पोरी उभ्या होत्या. गाडी गेली. कोणी काही बोललं नाही. त्यायले सवय झाली हाय.'

त्याच बैठकीत शिफारस झाली. डिसेंबरात फाट्यावर पिवळी पाटी लागली: बोरगव्हाण फाटा, विनंती थांबा.

पहिल्या दिवशी सगळं गाव पाहायला आलं होतं. मी सर्वांच्या मागे, बाभळीखाली, कोणाला दिसणार नाही अशी. सात दहाची बस आली, वेग कमी झाला, आणि पाटीसमोर थांबली. कंडक्टर अनोळखी होता. त्यानं मला पाहिलंसुद्धा नाही. पोरी चढल्या, प्रतीक्षा शेवटची, बाबांना हात करत. मी ओढणीत तोंड खुपसून रडले, आनंदानंच रडले.

"तू नाही गेली?" मागून बाबांचा आवाज आला.

"मी कुठं जाऊ?"

"अकोल्याले." ते रस्त्याकडेच पाहत होते. "थ्या पोराले माह्या पोरीनं भर ऑफिसात सांगून गोत्यात आणलं. माफी तर मागशीन का नाही? अन् त्याले म्हणा, रविवारी घरी ये. मले पाह्यचं हाय, कोण हाय तो."

नऊ वीसच्या गाडीनं मी अकोल्याला पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती. मूर्तिजापूरची गाडी फलाटाला लागत होती. दारात तो उभा. मला पाहून त्याची घंटी वाजवायची राहिली.

"थांबा मिळाला," मी म्हटलं.

"मालूम हाय. काकानं सांगितलं." तो खाली उतरला. जरा वाळला होता. "वेतनवाढीचं मनावर घेऊ नको. पण मले एक सांग. तू त्या ऑफिसात काय म्हटलं? धर्मेंद्र एक सांगते, शिपाई दुसरंच सांगते. सगळ्या डेपोनं ऐकलं, मलेच नाही ऐकू आलं."

प्रवासी आमच्या दोन्ही बाजूंनी चढत होते. मॅडमसमोर, बाबांसमोर एका दमात बोलून टाकलं होतं मी. आता त्याच्यासमोर जीभ उचलेना.

"सांगते," मी म्हटलं. "पण आधी… बाबांनी रविवारी घरी बोलावलंय."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "मले? कावून? मले भेव लागून राहिलं आता."

"लागू दे," मी म्हटलं. तीन महिने मी रोज भीत होते. त्या फलाटावर पहिल्यांदा नाही भ्याले. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगितलं.

"तू आवडतो मले, प्रीतम. हे म्हटलं होतं."